गोळी घेतली की तेवढ्यापुरतं बरं वाटतं, पण पाठदुखी जात नाही. मग करायचं काय?

मेडिकलमधून आणलेली गोळी घेतली की चार-सहा तास बरे जातात. मग पुन्हा तेच. सकाळी अंथरुणातून उठताना कंबर धरते, बादली उचलताना चमक भरते, ऑफिसात दोन तास बसलं की उठता उठत नाही. त्यात घरच्यांचे आणि शेजाऱ्यांचे सल्ले सुरू होतात. कुणी म्हणतं पट्टा लाव, कुणी म्हणतं गादी काढून फळीवर झोप, कुणी म्हणतं अमुक गावात पायाळू माणूस आहे, त्याचा पाय लावून घे. शेवटी एमआरआय होतो, रिपोर्टमध्ये 'गादी सरकलीय' असं कळतं आणि माणूस वाकायलाच घाबरायला लागतो.

अशी अडकलेली माणसं थोडीथोडकी नाहीत. २०२० साली जगात जवळपास ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखीचा त्रास होता आणि २०५० पर्यंत हा आकडा ८४ कोटींच्या पुढे जाईल, असा अंदाज आहे. जगभरात सर्वाधिक लोकांना अपंगत्व आणणारा त्रास म्हणून कंबरदुखीचंच नाव घेतलं जातं. म्हणूनच ७ डिसेंबर २०२३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने, म्हणजे डब्ल्यूएचओने, जुनाट कंबरदुखीसाठी पहिल्यांदाच मार्गदर्शक सूचना जाहीर केल्या. त्यात औषधांना जागा आहे, पण ती लहान आहे. मोठी जागा आहे ती समजून घेणं, हालचाल आणि मनाची तयारी या तीन गोष्टींना.

गोळीच्या पलीकडे नेमकं काय करता येतं आणि कशावर पैसे घालवू नयेत, ते समजून घेऊ.

जुनाट पाठदुखी म्हणजे किती जुनी?

अचानक उसण भरली, दोन-तीन आठवडे दुखलं आणि गेलं, तर ती तात्पुरती पाठदुखी. बहुतेकांची पाठ सहा आठवड्यांच्या आत बरीचशी सुधारते. दुखणं १२ आठवड्यांच्या, म्हणजे तीन महिन्यांच्या पुढे गेलं, तर डॉक्टर त्याला जुनाट किंवा 'क्रॉनिक' म्हणतात.

डब्ल्यूएचओच्या मते कंबरदुखीच्या साधारण ९० टक्के केसेसमध्ये एखाद्या ठरावीक आजाराकडे बोट दाखवता येत नाही. याला 'नॉन-स्पेसिफिक' कंबरदुखी म्हणतात. याचा अर्थ दुखणं खोटं आहे किंवा मनाचं आहे, असा अजिबात नाही. स्नायू, सांधे, नसा, झोप, ताण, कामाची पद्धत अशा अनेक गोष्टी मिळून दुखणं तयार होतं. त्यामुळे एकच भाग 'दुरुस्त' करून ते जात नाही, एवढाच त्याचा अर्थ.

आधी हे तपासा: यापैकी काही असेल तर थेट डॉक्टर गाठा

या लेखातले उपाय ९० टक्क्यांसाठी आहेत. उरलेल्या १० टक्क्यांमध्ये आपण नाही ना, हे आधी बघायला हवं. खालीलपैकी एकही गोष्ट असेल तर घरगुती उपाय करत बसू नका.

- लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटणं, लघवी अडकणं, मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि बसायच्या जागेवर बधिरपणा येणं. हे असेल तर त्याच दिवशी, त्याच तासाला मोठं हॉस्पिटल गाठा.
- पायातली ताकद कमी होत जाणं, चप्पल पायातून निसटणं, पाऊल उचलता न येणं.
- पाठदुखीसोबत ताप, संध्याकाळी येणारी कणकण, रात्री घाम, कारण नसताना वजन उतरणं. आपल्याकडे मणक्याचा क्षयरोग दुर्मीळ नाही. टीबी फक्त फुप्फुसाचा होतो हा गैरसमज आहे.
- पूर्वी कॅन्सर झालेला असणं, किंवा कशाही स्थितीत न थांबणारं आणि रात्री वाढणारं दुखणं.
- पडल्यानंतर किंवा अपघातानंतर सुरू झालेली पाठदुखी. वयस्कर माणसं, पाळी गेलेल्या स्त्रिया आणि बरेच दिवस स्टेरॉइड घेणारे लोक यांच्यात साध्या धक्क्यानेही मणका फ्रॅक्चर होऊ शकतो.
- चाळिशीच्या आतल्या वयात सुरू झालेली, सकाळी अर्धा-एक तास पाठ आखडून ठेवणारी आणि आराम केल्यावर वाढणारी पाठदुखी. हा मणक्याचा वाताचा आजार असू शकतो. त्याची औषधं वेगळी असतात.

यातलं काहीच नसेल तर पुढे वाचा.

एमआरआयमध्ये गादी सरकलेली दिसली. आता?

आधी शब्द नीट समजून घेऊ. दोन मणक्यांच्या मध्ये चकती असते, तिलाच आपण गादी म्हणतो. ती वरच्या आणि खालच्या मणक्याला घट्ट जोडलेली असते. साबणाची वडी हातातून सटकते तशी ती सटकत नाही. ती वयानुसार सुकते, तिची उंची कमी होते, कधी बाहेरच्या बाजूला फुगते, कधी तिच्यातला मऊ भाग बाहेर येऊन नसेला लागतो. रिपोर्टमध्ये 'बल्ज', 'डिजनरेशन' असे शब्द येतात ते यासाठी.

आता खरी गंमत बघा. २०१५ साली एका अभ्यासात, पाठ अजिबात दुखत नसलेल्या ३,११० लोकांचे स्कॅन एकत्र तपासले गेले. विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या चकत्या झिजलेल्या दिसल्या. पन्नाशीत हे प्रमाण ८० टक्के होतं आणि ऐंशीच्या घरात ९६ टक्के. चकती फुगलेली असण्याचं प्रमाण विशीत ३० टक्के, तर पन्नाशीत ६० टक्के निघालं. पुन्हा लक्षात घ्या, यातल्या कुणाचीही पाठ दुखत नव्हती.

म्हणजे रिपोर्टमधले बरेचसे शब्द पांढऱ्या केसांसारखे आहेत. वय झाल्याची खूण आहे, पण दुखण्याचं कारण तेच असेल असं नाही. शिवाय बाहेर आलेला चकतीचा भाग अनेकांच्या बाबतीत काही महिन्यांत शरीर स्वतःच शोषून घेतं.

मग एमआरआय करूच नये का? वर सांगितलेली धोक्याची लक्षणं असतील, पायात कळ जाऊन ताकद कमी होत असेल किंवा ऑपरेशनचा विचार असेल, तर तो हवाच. पण केवळ 'एकदा बघून तर घेऊ' म्हणून केला, तर हातात कागद येतो आणि डोक्यात भीती बसते. ही भीतीच पुढे दुखणं लांबवते.

जखम भरली तरी दुखत का राहतं?

१९९५ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये एका बांधकाम कामगाराची केस छापून आली होती. २९ वर्षांच्या या माणसाने उडी मारली आणि १५ सेंटीमीटरचा खिळा त्याच्या बुटातून आरपार गेला. खिळा जरा हलला तरी तो कळवळत होता. हॉस्पिटलमध्ये त्याला गुंगीची आणि वेदनाशामक औषधं द्यावी लागली. खिळा ओढून बूट काढला तर काय, खिळा दोन बोटांच्या मधून गेला होता. पायाला ओरखडाही नव्हता.

तो माणूस नाटक करत नव्हता. त्याची वेदना खरी होती. मेंदूने डोळ्यांना दिसलेल्या धोक्यावरून वेदना तयार केली होती. वेदना म्हणजे जखम मोजायचं मीटर नाही, ती धोक्याची घंटा आहे.

जुनाट पाठदुखीत ही घंटा जास्त हळवी होते. सोसायटीतल्या एखाद्या गाडीचा अलार्म मांजर बसलं तरी वाजायला लागतो, तसं. महिनोन्महिने दुखत राहिल्यावर मज्जासंस्था साध्या हालचालीलाही धोका समजू लागते. चोर नसतो, पण अलार्म खराखुरा वाजत असतो.

मग एक चक्र सुरू होतं. दुखतं म्हणून माणूस वाकत नाही. वाकत नाही म्हणून स्नायू अशक्त आणि ताठर होतात. त्यामुळे थोडं वाकलं तरी जास्त दुखतं. मग भीती आणखी वाढते. कामं सुटतात, चारचौघांत जाणं कमी होतं, झोप उडते. गोळी हा आवाज थोडा वेळ कमी करते, पण चक्र तिथेच राहतं.

चक्र तोडायचं तर मज्जासंस्थेला पुन्हा पुन्हा, हळूहळू दाखवून द्यावं लागतं की ही हालचाल सुरक्षित आहे. पुढचे सगळे उपाय या एका वाक्यावर उभे आहेत.

१. आडवं पडून राहू नका

पूर्वी डॉक्टरही पाठदुखीला आठवडाभर आराम सांगायचे. १९९५ साली फिनलंडमधल्या हेलसिंकी शहरात १८६ कर्मचाऱ्यांवर एक प्रयोग झाला. नुकतीच पाठ धरलेल्या या लोकांचे तीन गट केले. एकाला दोन दिवस झोपून राहायला सांगितलं, दुसऱ्याला पाठीचे व्यायाम दिले आणि तिसऱ्याला सांगितलं की झेपेल तसं रोजचं काम चालू ठेवा. तिसरा गट सगळ्यात लवकर बरा झाला. झोपून राहणारे सगळ्यात मागे राहिले.

ही नव्या पाठदुखीची गोष्ट झाली. जुनाट दुखण्यात तर आडवं पडणं आणखी महागात पडतं.

२. चालायला लागा, पण घड्याळ लावून

सगळ्यात स्वस्त व्यायाम म्हणजे चालणं. ऑस्ट्रेलियात ७०१ लोकांवर झालेल्या आणि २०२४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आलेल्या अभ्यासात, पाठदुखीतून नुकत्याच सावरलेल्या लोकांना हळूहळू वाढवत आठवड्यातून पाच दिवस, रोज अर्ध्या तासापर्यंत चालायला लावलं. सोबत फिजिओथेरपिस्टचं थोडं मार्गदर्शन होतं. चालणाऱ्यांची पाठ पुन्हा दुखायला साधारण २०८ दिवस लागले. न चालणाऱ्यांची ११२ दिवसांतच दुखायला लागली.

मग चालणंच का, योगा का नाही, जिम का नाही? कुठलाही चालेल. जुनाट पाठदुखीसाठी एकच व्यायाम सर्वात भारी, असं सिद्ध झालेलं नाही. जो तुम्ही सहा महिने करत राहाल, तो चांगला.

योगाबद्दल आपल्याकडे भरपूर बोललं जातं, पण त्याचीही रीतसर परीक्षा झाली आहे. ब्रिटनमध्ये ३१३ लोकांवर १२ आठवड्यांच्या योगवर्गाचा प्रयोग झाला आणि २०११ मध्ये त्याचे निष्कर्ष छापून आले. शिकवणाऱ्यांमध्ये पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगार यांच्या परंपरेतले शिक्षकही होते. योगा करणाऱ्यांची रोजची कामं करण्याची क्षमता वर्षभर जास्त चांगली राहिली. दुखण्याच्या आकड्यात मात्र दोन्ही गटांत मोठा फरक पडला नाही. दुखणं तेवढंच असलं तरी काम जास्त जमायला लागलं. जुनाट पाठदुखीत सुधारणा अनेकदा अशीच सुरू होते.

३. दिवाळीची साफसफाई विसरा, रोजचा कोटा ठरवा

एक चूक जवळपास सगळेच करतात. एखाद्या दिवशी पाठ हलकी वाटते. मग आज बरं आहे तर उरकून टाकू म्हणून माळा झाडायचा, पडदे धुवायचे, पंखे पुसायचे. पुढचे तीन दिवस आडवं. मग पुन्हा एक चांगला दिवस, पुन्हा तोच प्रकार.

याऐवजी असं करा. बऱ्या आणि वाईट दोन्ही दिवशी किती वेळ चालता येतं ते आठवडाभर बघा. समजा सरासरी दहा मिनिटं आली. मग सुरुवात आठ मिनिटांनी करा. आठ मिनिटं झाली की थांबा, बरं वाटत असलं तरी थांबा. दुसऱ्या दिवशी दुखत असलं तरी आठ मिनिटं चाला. दर आठवड्याला एक-दोन मिनिटं वाढवा. हाच नियम स्वयंपाकाला, कपड्यांना, खुर्चीत बसण्याला आणि गाडी चालवण्यालाही लावता येतो.

यातली मेख अशी की कधी थांबायचं हे दुखणं ठरवत नाही, घड्याळ ठरवतं. हळूहळू मेंदूला कळतं की ही हालचाल झाली तरी काही बिघडत नाही.

४. घरी करता येतील असे पाच व्यायाम

सतरंजी पुरेशी आहे. प्रत्येक प्रकार सुरुवातीला पाच वेळा करा, झेपेल तसं दहापर्यंत न्या. श्वास रोखू नका.

- गुडघे छातीशी: उताणं झोपा, एक गुडघा दोन्ही हातांनी छातीकडे घ्या, पाच मोजा, सोडा. मग दुसरा.
- पूल: उताणं झोपून गुडघे वाकवा, तळवे जमिनीवर टेकवा. कंबर हळूच वर उचला, तीन-पाच मोजा, खाली आणा.
- मार्जारासन: हात आणि गुडघ्यांवर या. पाठ मांजरीसारखी वर कमानीत न्या, मग हळूच खाली सोडा.
- विरुद्ध हात-पाय: त्याच स्थितीत उजवा हात पुढे आणि डावा पाय मागे सरळ करा. तोल सांभाळून तीन मोजा. मग बाजू बदला.
- खुर्चीवरून ऊठबस: हाताचा आधार न घेता खुर्चीवरून उठा आणि सावकाश बसा. सोपं वाटतं, पण पाय आणि कंबर दोन्हीचं काम होतं.

व्यायाम करताना थोडं दुखलं तर घाबरू नका. सहन होईल इतकंच दुखत असेल आणि दुसऱ्या दिवसापर्यंत पूर्ववत होत असेल, तर चालेल. दुखणं दिवसभर वाढलेलंच राहिलं तर व्यायाम बंद करू नका, संख्या निम्मी करा. पायात नवीन मुंग्या, बधिरपणा किंवा अशक्तपणा आला तर मात्र थांबा आणि डॉक्टरांना दाखवा. शक्य असेल तर सुरुवातीला एक-दोनदा फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या.

५. कामाची पद्धत थोडी बदला

'ताठ बस' हे वाक्य आपण शाळेपासून ऐकतोय. पण दिवसभर ताठ बसणंही पाठीला तितकंच जड जातं. एकच एक परफेक्ट बसणं असं काही नसतं. जास्त वेळ एकाच स्थितीत राहू नये, हा खरा नियम.

खुर्चीवरचं काम असेल तर अर्ध्या तासाने उठा. फोन आला की उभं राहून बोला. पाण्याची मोठी बाटली टेबलावर ठेवण्याऐवजी लहान ग्लास ठेवा, आपोआप उठावं लागेल.

ओट्याशी उभं राहायचं असेल तर एक पाय पाटावर किंवा लहान स्टुलावर ठेवा आणि दर काही मिनिटांनी बदला. भाजी निवडणं, कणीक मळणं अशी कामं टेबलाशी बसून करा. बादली काठोकाठ भरण्याऐवजी अर्धी भरून दोन फेऱ्या मारा.

शेतातलं काम असेल तर खुरपणी, लावणी, काढणी यांत तासन्‌तास ओणवं राहावं लागतं. तिथे 'वाकू नका' हा सल्ला निरुपयोगी आहे. त्यापेक्षा वाकायचं आणि उभ्याचं काम आलटून पालटून करा. अर्ध्या तासाने एकदा सरळ उभं राहून कमरेवर हात ठेवून पाच वेळा मागे झुका. शक्य तिथे लांब दांड्याची अवजारं वापरा.

वजन उचलायचं असेल तर ते अंगाजवळ धरा, दोन भागांत वाटता येतं का बघा आणि झटका देऊ नका. वाकणं वाईट नसतं. पाठ वाकण्यासाठीच बनली आहे.

६. झोपेकडे लक्ष द्या, फळीकडे नाही

एक रात्र झोप झाली नाही की दुसऱ्या दिवशी दुखणं जास्त जाणवतं. दुखतं म्हणून झोप लागत नाही. हे चक्रही तोडावं लागतं. रोज एकाच वेळी उठणं, दुपारी लांब झोप टाळणं, रात्री मोबाइल दूर ठेवणं यांचा फायदा होतो. कुशीवर झोपत असाल तर दोन गुडघ्यांमध्ये उशी घ्या, उताणं झोपत असाल तर गुडघ्यांखाली घ्या.

राहिला प्रश्न गादीचा. स्पेनमध्ये जुनाट कंबरदुखी असलेल्या ३१३ लोकांवर अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २००३ मध्ये आले. एकदम कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादीवर झोपणाऱ्यांना जास्त आराम पडला. त्यामुळे फळीवर किंवा जमिनीवर झोपण्याची सक्ती करू नका. तुम्हाला जिथे चांगली झोप लागते, ती जागा तुमच्यासाठी योग्य.

७. मनाचा उपचार म्हणजे 'मनाचे खेळ' नव्हे

पाठ दुखतेय आणि डॉक्टरांनी समुपदेशन सुचवलं, तर अनेकांना राग येतो. म्हणजे मी खोटं बोलतोय का? तसं नाही. पुढचा विचार बघा: 'माझी पाठ गेली, आता हे असंच राहणार.' हा विचार आला की स्नायू आवळतात, झोप जाते, माणूस हालचाल टाळतो. विचार मनात येतो, परिणाम पाठीवर होतो. सीबीटी या समुपदेशनाच्या पद्धतीत असे विचार ओळखायला आणि तपासून बघायला शिकवतात. डब्ल्यूएचओच्या सूचनांमध्ये तिचा समावेश आहे.

ऑस्ट्रेलियात ४९२ लोकांवरच्या एका अभ्यासात फिजिओथेरपिस्टनीच हे काम केलं. रुग्णाची गोष्ट नीट ऐकायची, भीती वाटणारी हालचाल त्याच्याकडून हळूहळू करून घ्यायची आणि झोप-ताणाबद्दल बोलायचं. वर्षभरानंतरही या लोकांची रोजची कामं नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा बरीच चांगली होत होती.

दुखण्यामुळे सतत निराश वाटत असेल, तर केंद्र सरकारच्या टेलि-मानस हेल्पलाइनवर १४४१६ या नंबरवर दिवसरात्र कधीही मोफत बोलता येतं.

शेक, तेल आणि पायाळू: याने बरं वाटतं ते का?

गरम पाण्याच्या पिशवीचा शेक आणि हलकी मालिश यांनी स्नायू सैल होतात आणि थोडा वेळ आराम पडतो. डब्ल्यूएचओनेही मालिश पूरक उपाय म्हणून मान्य केली आहे. ठेच लागल्यावर आपण ती जागा चोळतो. चोळण्याचा स्पर्श वेदनेच्या संदेशाची वाट काही प्रमाणात अडवतो, असा सिद्धांत मेल्झॅक आणि वॉल या शास्त्रज्ञांनी १९६५ साली मांडला होता. त्यामुळे तेल कुठलं यापेक्षा हात फिरवणं महत्त्वाचं. शेक घेऊन लगेच व्यायाम केला तर हालचाल सोपी जाते. डायबेटिसमुळे त्वचा बधिर असेल तर मात्र शेकाने भाजलेलं कळत नाही, तिथे सांभाळून.

पायाळू माणसाने पाय लावला की उसण उतरते, हा समज महाराष्ट्रात जुना आहे. उसण बहुतेक वेळा काही दिवसांत आपोआप उतरतेच. आपण नेमके सगळ्यात जास्त दुखत असताना उपाय शोधायला जातो, आणि त्यानंतर दुखणं तसंही कमीच होणार असतं. श्रेय मात्र शेवटच्या उपायाला मिळतं. हळूच पाय लावण्याने नुकसान नाही. पण लाथ, झटके, पाठीवर उभं राहणं हे प्रकार हाडं ठिसूळ झालेल्या माणसांसाठी धोक्याचे आहेत.

कशावर पैसे घालवू नयेत?

जुनाट कंबरदुखीसाठी नेहमीचा उपचार म्हणून या गोष्टी वापरू नयेत, असं डब्ल्यूएचओ सांगते:

- कमरेचे पट्टे
- वजन लावून मणका ताणणं, म्हणजे ट्रॅक्शन
- अल्ट्रासाऊंड मशीनचा शेक
- टेन्स, म्हणजे करंटसारख्या मुंग्या देणारं मशीन
- ट्रॅमाडॉलसारखी अफूवर्गातली वेदनाशामकं

फ्रॅक्चर किंवा ऑपरेशननंतर डॉक्टरांनी पट्टा दिला असेल तर गोष्ट वेगळी. स्वतःहून तो काढू नका.

फिजिओथेरपी सुरू करताना एक प्रश्न जरूर विचारा: 'मला व्यायाम कोणते शिकवणार?' दहा दिवस नुसतं मशीनला जोडून घरी पाठवत असतील, तर ते सेंटर बदला.

मग गोळ्या आजच बंद करायच्या का?

नाही. पाठ भडकली असताना, हालचाल सुरू करता यावी म्हणून थोडे दिवस वेदनाशामक घेणं ठीक आहे. मात्र या गोळ्या मेडिकलमधून मनाने आणून महिनोन्महिने घेतल्या तर पोटात अल्सर, किडनीवर ताण आणि बीपी वाढणं असे त्रास होऊ शकतात. बीपी, हृदयविकार, किडनीचा आजार किंवा डायबेटिस असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नका. रोज बरेच दिवस चालू असलेली नसांची किंवा झोपेची गोळीही अचानक थांबवू नका, डॉक्टर ती हळूहळू कमी करतात. आणि नाव नसलेल्या पुड्या किंवा 'एका इंजेक्शनमध्ये आराम' यांपासून लांब राहा. त्यात स्टेरॉइड असू शकतं आणि ते हाडंच ठिसूळ करतं.

ऑपरेशनची गरज थोड्यांनाच पडते. नस दाबली जाऊन पायात तीव्र कळ जात असेल आणि ती बरेच आठवडे हटत नसेल, किंवा ताकद कमी होत असेल, तर सर्जनचा सल्ला घ्यावा. फक्त कंबर दुखते म्हणून घाई नको. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेण्यात काहीही गैर नाही.

पाठ पुन्हा भडकली तर?

भडकणार. जुनाट पाठदुखीत मध्येच एखादा आठवडा वाईट जातो. त्याचा अर्थ आतापर्यंतची मेहनत वाया गेली असा नाही. त्यासाठी आधीच एका कागदावर प्लॅन लिहून ठेवा:

१. चालणं आणि व्यायाम निम्म्यावर आणा, शून्यावर नाही.
२. दिवसातून दोन-तीनदा शेक घ्या.
३. दिवसा आडवं पडायचं तर वीस-तीस मिनिटं, गजर लावून.
४. धोक्याची लक्षणं पुन्हा तपासा.
५. तीन-चार दिवसांनी पुन्हा थोडं थोडं वाढवत जा.

घरच्यांनी काय करावं?

कंबरदुखी स्त्रियांमध्ये जास्त आढळते आणि पन्नास ते पंचावन्न या वयात रुग्णांची संख्या सर्वाधिक असते. आपल्याकडे या वयाच्या बाईवर घरचं काम, शेत किंवा नोकरी आणि आजारी सासू-सासरे असं सगळं एकदम असतं. तिला 'रोज अर्धा तास चालत जा' सांगणं सोपं आहे, पण तो अर्धा तास आणायचा कुठून? ती चालायला गेली असताना कणीक कुणीतरी दुसऱ्याने मळावी लागते. ऊसतोड करणाऱ्या किंवा रोजंदारीवर जाणाऱ्या बाईला तर एक दिवस बसणं म्हणजे त्या दिवसाची मजुरी गमावणं. म्हणून ती गोळी घेऊन कामावर जाते. तिच्याकडे दुसरा पर्याय नसतो म्हणून गोळी चालू राहते.

घरच्यांनी दोन टोकं टाळावीत. 'तू काही करू नकोस, पडून राहा' हेही नको आणि 'रोजचंच आहे तुझं' हेही नको. जड कामं वाटून घ्या, हलकी त्यांची त्यांना करू द्या. रोज 'किती दुखतंय?' विचारण्याऐवजी 'आज किती चाललात?' असं विचारा.

फरक कधी दिसेल?

गोळीचा परिणाम तासाभरात दिसतो, या उपायांना सहा ते बारा आठवडे लागतात. म्हणूनच बरेच लोक तिसऱ्या आठवड्यात सोडून देतात. दुखणं शून्यावर आलं का, या प्रश्नावर प्रगती मोजू नका, काहींच्या बाबतीत ते पूर्ण शून्यावर येतही नाही. त्याऐवजी आज तीन गोष्टी लिहून ठेवा, ज्या पाठीमुळे सुटल्या आहेत. नातवाला उचलणं, एसटीने माहेरी जाणं, पंगतीत मांडी घालून बसणं, काहीही. महिन्याने तो कागद काढा आणि बघा, यातलं काय जमायला लागलंय.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. गरोदर स्त्रिया, नुकतंच ऑपरेशन झालेले आणि गंभीर आजार असलेल्या लोकांनी व्यायाम सुरू करण्याआधी आपल्या डॉक्टरांशी बोलून घ्यावं.)